तांदळाचं माप

सप्टेंबर आला की आम्हा सीए लोकांना ट्रस्टच्या ऑडिटशिवाय दुसरं काही सुचत नाही. पालघर जिल्ह्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मठाचे हिशेब मी आठ वर्षं तपासते आहे. अकरा सिस्टर, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या बेचाळीस मुलींचं वसतिगृह. दरवर्षी जेवणाच्या वेळेपर्यंत काम उरकतं. यंदा किराण्याच्या बिलांवर अडले.

दुकानदाराचं बिल महिन्याला एकच, पण त्याला चेक दोन. एक वसतिगृहासाठी आलेल्या परदेशी देणगीच्या खात्यातून, दुसरा मठाच्या स्थानिक खात्यातून. ही फोड आजवर मी टिक करून पुढे जात होते. ह्या वेळी बारा महिने एकाखाली एक मांडले, तेव्हा दिसलं की प्रमाण सारखं बदलतंय. मठाच्या वाट्याला कधी १६ टक्के, कधी १३. मे महिन्याचं तर सगळंच बिल मठाच्या खात्यातून. अंदाजे आकडा टाकला असावा, असं वाटलं आणि पोटात गोळा आला. परदेशी देणगीचा कायदा २०२० च्या दुरुस्तीनंतर फार कडक झालाय. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत येतो, प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च चालत नाही, दुसऱ्या संस्थेला त्यातला रुपया देता येत नाही. मुलींसाठी आलेला पैसा मुलींवरच खर्च झाला, हे मला कागदावर दाखवता यायला हवं. नाहीतर नोंदणीच धोक्यात.

"सिस्टर, एकाच चुलीवर सगळ्यांचं शिजतं. मग ह्यात तुमचं जेवण किती, हे ठरवलं कसं?"

सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्या ताटातल्या भाताचा हिशेब विचारताना मला फार संकोच वाटला. त्यांना मात्र प्रश्न बरोबरच वाटला. म्हणाल्या, "चला, दाखवते."

स्वयंपाकघरात तांदळाचं निळं पिंप होतं. झाकणावर पत्र्याचं एक माप, काठ चेपलेला. शेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेली वही, पानांना तेलाचे डाग. रोजच्या रोज दोन रकाने: मुली, आम्ही. "आम्ही"च्या रकान्यात बहुतेक दिवशी पाच मापं. उपवासकाळातल्या शुक्रवारी तीन. दोघी आजारी होत्या त्या आठवड्यात चार. महिनाअखेर मापांची बेरीज करायची आणि डाळ-तेलही त्याच प्रमाणात फोडायचं. मेमध्ये मुली घरी जातात, म्हणून तेव्हाचं सगळं बिल मठाचं. मी तिथेच स्टुलावर बसून तीन महिने जुळवले. रुपयाचाही फरक निघाला नाही.

"बिलंच वेगळी करून घ्या ना," मी म्हटलं.

"दोन चुली पेटवल्या तर गॅस जास्त जाईल, मॅडम. तोही कुणीतरी दिलेलाच आहे."

मठाचा वाटा येतो तीन शिक्षिका सिस्टरांच्या पगारातून आणि दोघींच्या पेन्शनमधून. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या सिस्टरची कमाई चर्चच्या कायद्याप्रमाणे संस्थेची होते, पेन्शनसुद्धा. तरी टीडीएस, म्हणजे पगार हातात येण्याआधीच घेतला जाणारा कर, कापला जातो, कारण सरकारच्या लेखी पगार त्या व्यक्तीचा. तामिळनाडू-केरळमधून ह्याच मुद्द्यावर गेलेली ९३ अपिलं सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळली. निकाल करकायद्याला धरून आहे, असंच माझं मत. पण ज्या बाईने पगाराची नोट कधी स्वतःसाठी मोडली नाही, तिच्यापुढे फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, ठेवून "तुमचं उत्पन्न" म्हणताना माझी जीभ दरवेळी अडखळते. ह्या कपातीपोटी वसतिगृहाच्या पत्र्यांचं काम मठाने यंदा पुढे ढकललंय. छप्पर गळतं तिथे बादली ठेवलेली मी येतानाच पाहिली होती.

वहीच्या पानांचे फोटो घेतले, फोडीचा आधार सविस्तर लिहून फाइलला लावला. दर महिन्याच्या बेरजेचं व्हाउचर करून त्यावर दोघींनी सही करायची, एवढं सांगितलं. ते त्यांनी लगेच लिहून घेतलं.

निघण्याआधी मागची पानं चाळत होते. गेल्या सप्टेंबरातल्या एका तारखेपुढे बारीक अक्षरात नोंद दिसली: "ऑडिटच्या मॅडम व मुलगा, २ ताटं, आमच्यात." मुलगा म्हणजे माझ्याकडे आर्टिकलशिप, सीए होण्यासाठीची उमेदवारी, करणारा.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. सिस्टरांनी माझ्या हातातून वही घेतली, पेन्सिल काढली आणि विचारलं, "आज एकट्याच आलात ना?"