चार पैसे बाकी

परवा रात्री दीड वाजेपर्यंत मी एक स्टिकर शोधत बसले होते. साध्या वहीवर कधी स्टिकर चिकटवत नाही मी, आणि हा तर काउंटर-स्ट्राइकमधल्या बंदुकीवर चिकटवायचा, जो गेम गेल्या दोन वर्षांत मी उघडलेलासुद्धा नाही. डिझाइन कसलं का असेना, टीम कुठली का असेना, अट एकच, किंमत सतरा रुपयांच्या आसपास पाहिजे. कारण मला माझ्या स्टीमच्या (म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या) वॉलेटमधले पैसे संपवायचे होते. संपवायचे म्हणजे पार शून्य.

सुरुवात भाऊबीजेपासून झाली. भावाने साडीऐवजी हजार रुपयांचा वॉलेट कोड पाठवला (चाळिशीतल्या बहिणीला नेमकं काय हवंय हे कळणारा भाऊ मिळायला नशीब लागतं), त्यात मी सेलमध्ये दोन गेम घेतले, एक ५२९ चा, एक ४३५ चा, आणि उरले ३६. आता ३६ रुपयांत मंडईत कोथिंबीर येते, मिरच्या येतात, वर कढीपत्ता फुकट मागता येतो. स्टीमवर ३६ रुपये घेऊन गेलं की धड कोणी आत घेत नाही आणि बाहेरही सोडत नाही. वॉलेटमध्ये गेलेला पैसा बँकेत परत येत नाही, दुसऱ्याच्या अकाउंटला पाठवता येत नाही, जो काय खर्चायचा तो तिथेच. पैसे लावायच्या गेमचं निदान बरं, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते बंद झाले तेव्हा लोकांना आपापली शिल्लक काढून तरी घेता आली. आमच्या पैशाला खाली उतरायला स्टॉपच नाही.

बरं, मुदत संपून तरी जावेत, तर तेही नाही. गूगलच्या सर्व्हेची उत्तरं देऊन जे पाच-दहा रुपये मिळतात ना प्ले स्टोअरवर, त्यांना वर्षाची मुदत असते, विसरलो की गेले, दोन मिनिटं हळहळ आणि विषय संपला. हे ३६ रुपये मात्र वर उजव्या कोपऱ्यात माझ्या नावाशेजारी ठाण मांडून बसलेले, कधीही बघा, आहेतच.

मग मी शहाणपणा केला. स्टीमवर बऱ्याच गेमची ट्रेडिंग कार्ड असतात, २०१३ पासून चालू आहे हे, गेम खेळत राहिलं की सेटमधली साधारण निम्मी कार्ड आपोआप पदरात पडतात आणि उरलेली निम्मी तुम्ही स्टीमच्याच बाजारातून, जिथे खेळणारे एकमेकांना कार्ड, स्टिकर असलं काहीबाही विकतात, विकत घ्या किंवा कोणाशी अदलाबदल करा अशी योजना. लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटवाले यायचे तसंच, फक्त इथे चघळायला काही नाही. माझ्याकडे अशी तीन कार्ड पडून होती, म्हटलं विकून टाकू, शिल्लक जरा वाढेल आणि मग एखादा छोटा गेम तरी येईल. एका कार्डाला घेणाऱ्याने ४ रुपये ६० पैसे दिले, माझ्या वॉलेटला आले ४, कारण मधले ६० पैसे म्हणजे पाच टक्के स्टीमचे आणि दहा टक्के गेमवाल्यांचे. दुसऱ्याचे आले ३.६२, तिसऱ्याचे ३.१२. झाले किती, ४६ रुपये ७४ पैसे. म्हणजे खड्डा बुजवायला गेले आणि शेजारी ढिगारा करून आले, कारण दुकानातल्या गेमच्या किमती असतात पूर्ण रुपयांत आणि हे पैसे नावाचे किडे जन्माला येतात फक्त त्या कार्डांच्या बाजारात, आणि मारायचे असले तर परत त्याच बाजारात जावं लागतं. ३६ ला निदान गोल आकडा तरी होता.

हे सगळं मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगत होते. अप्पा सध्या आमच्याकडे पुण्यात आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेत, त्यामुळे टीव्ही बंद, पेपर बंद, दिवसभर काळा चष्मा लावून माझ्या खोलीत बसतात आणि मी काय करतेय ते आवाजावरून ओळखतात. अप्पा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं, सगळी सातारा जिल्ह्यात. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पैसे जास्त झालेत का कमी?"

म्हटलं जास्त.

"मग वाईट."

कंडक्टरचं गणित उलटं असतं हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. रोकड कमी भरली तर खिशातून भरायची, विषय मिटला. जास्त भरली तर चेकर विचारणार, हे आले कुठून, म्हणजे कोणाला तरी तिकीट न देता पैसे घेतले. म्हणून ड्युटीवर चढताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते वे-बिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, लिहून द्यायचे. अप्पा तर चहाचे पैसे पण मोजून न्यायचे. आणि जास्त व्हायचं मुख्य कारण म्हणजे तिकिटाच्या मागे लिहिलेले पैसे. ज्यांनी लाल डब्यातून प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, आपण पन्नासची नोट दिली, सुटे नसले की कंडक्टर तिकीट उलटं करून त्यावर पेनाने आकडा टाकणार, भोवती गोल करणार आणि म्हणणार, "उतरताना घ्या." मग अख्खा प्रवास ते तिकीट मुठीत घट्ट धरायचं, झोपायचं नाही, आणि स्टॉप आला की गर्दीतून आधी कंडक्टरकडे घुसायचं का दाराकडे हा प्रश्न. निम्मे लोक विसरून उतरायचे. काही लाजायचे, दोन रुपयांसाठी गाडी कशाला थांबवा. ते सगळे दोन-दोन रुपये संध्याकाळी अप्पांच्या बॅगेत.

मेढ्याच्या गाडीला एक म्हातारी असायची, तिचे तीन रुपये राहिले होते. अप्पांनी ते वेगळ्या पुडीत बांधून आठ दिवस रोज वे-बिलावर खासगी पैशात तीन रुपये जास्त दाखवले, नवव्या दिवशी ती भेटली तेव्हा परत केले. ती म्हणाली, "माझं कुठलं, मी नाय दिल्यालं." घेतलेच नाहीत! हा किस्सा अप्पा अजून तक्रारीच्या सुरात सांगतात.

आता मला सांगा, ज्यांच्या घरी तीन रुपयांचा हा इतिहास आहे तिथल्या मुलीला ४६.७४ डोळ्यासमोर ठेवून झोप कशी लागणार.

अप्पांना मी म्हटलं की हे माझंच नाही, सगळीकडे असंच आहे. न्यूजर्सीच्या मावसभावाकडे निन्टेन्डोचा थ्रीडीएस होता, हातात धरून गेम खेळायचं मशीन, त्याचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, वर्षभर आधी सांगून बंद केलं, तर हा पठ्ठ्या शेवटच्या आठवड्यात दीड डॉलर संपवायला स्क्रीनची थीम शोधत होता, जे मशीन मांडणीवर धूळ खात होतं त्याची थीम. आणि एक्सबॉक्सवर (हेही गेमचंच मशीन) तर पूर्वी पैसे पण नव्हते, पॉइंट होते. ८० पॉइंटचा एक डॉलर! ८०! शंभर केले असते तर लोकांना हिशेब जमला असता ना, ८० मुळे ४०० पॉइंटचा गेम म्हणजे नक्की केवढ्याला पडला ते मनातल्या मनात करायलाच पहिला चहा संपायचा. पॉइंट ठराविक गठ्ठ्यांत मिळायचे, गेमच्या किमती दुसऱ्याच पाढ्यात, म्हणजे उरणारच काहीतरी. २०१३ मध्ये ते काढून सरळ देशोदेशीचा पैसा आणला.

तेवढ्यात भाचा आला. तो बीजीएमआयवाला, म्हणजे मोबाइलवरचा तो गोळीबाराचा गेम खेळणारा. त्याच्याकडे १७ यूसी उरलेत कधीपासून आणि १७ यूसीत त्याला हवं असलेलं काहीच येत नाही, म्हणून तो आईकडे आणखी यूसी मागतोय "फक्त ते सतरा वाया जाऊ नयेत म्हणून". (ताईने याला कॉमर्सला घालावं, सेल्समन होणार हा.) अप्पांनी विचारलं यूसी म्हणजे काय रे. तो म्हणाला, "अननोन कॅश, आजोबा."

अप्पांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी सांगितलंय काढायचा नाही, तरी काढला.

"अननोन कॅश? बॅगेत अननोन कॅश घावली तर आमच्यात थेट रिपोर्ट व्हायचा. आन् तू ती इकत घेतोस?"

असो. तर परवाची रात्र. मी कागदावर गणित मांडलं. सतरा रुपये पंचवीस पैशांचा एक स्टिकर मिळाला, पिवळा, त्यावर एक चिडलेली कोंबडी आहे, घेतला. राहिले २९.४९. मग ९० टक्के सूटवाल्या ढिगाऱ्यात उतरले आणि २२ रुपयांचा एक गेम काढला, त्यात आपण बेडूक आहोत एवढंच मला सांगता येईल. राहिले ७.४९. इथपर्यंत छान. आता एक कार्ड ७.४९ ला पाहिजे, बरोब्बर. बाजारात तुम्ही ऑर्डर टाकून वाट बघू शकता, माझं वय आणि झोप बघता वाट बघणं शक्य नव्हतं, म्हणून मी एकेका गेमची कार्ड बघत सुटले, ७.२०, ७.८८, ७.५१ (दोन पैशांनी हुकलं, मी खरंच कपाळावर हात मारला), ७.३०. हे करताना मला कळलं की मागच्या तासात मी एकही गेम खेळलेली नाही पण इतकी मजा त्या ५२९ वाल्यात पण आली नव्हती. शेवटी ७.४५ ला एक मिळालं, घाईत दाबलं. दाबल्यावर वाटलं थांबायला हवं होतं.

राहिले चार पैसे. ₹ ०.०४, वरच्या कोपऱ्यात, नावाशेजारी.

चार पैशांत त्या बाजारात काहीच येत नाही. आपल्या बाजारातही चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चालत नाहीत, चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, माझे तर चार. आणि संपवायचे म्हटलं तर आधी नवीन पैसे भरा किंवा आणखी कार्ड विका, म्हणजे परत सगळं पहिल्यापासून, आणि त्या बेडकाच्या गेमलासुद्धा कार्ड आहेत हे मी बघून ठेवलंय, ते एक बघायला नको होतं.

सकाळी चहा घेताना अप्पांना सांगितलं, जमलं नाही, चार पैसे राहिले. त्यांनी विचारलं, कोणाकडे राहिले, तुझ्याकडे का त्यांच्याकडे? मला उत्तर देता येईना. आहेत माझे, पण आहेत त्यांच्याकडे. अप्पांनी मान हलवली, चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावर चाचपून औषधाच्या दुकानाचं बिल घेतलं, उलटं केलं, माझ्या हातातलं पेन मागितलं आणि अंदाजानेच त्यावर ४ लिहून भोवती गोल केला, खाली त्यांची ती वळणदार सही. बिल माझ्याकडे सरकवलं.

"उतरताना घे," म्हणाले.