"पेशंटला घेऊन या"

आईचं वय ७९, कॅन्सर यकृतात उतरलेला, केमो बंद. गुहागरजवळच्या आमच्या घरीच ठेवायचं ठरलं. सारखी रडायची, पेज पुढ्यातून सरकवायची, म्हणून एस्सिटालोप्रॅम ही उदासीवरची गोळी सुरू झाली, रोज ५ मिलिग्रॅम.

बाराव्या दिवशी ती गोधडीचे दोरे ओढत बसली. "गजरा अर्धाच राहिला रे." वाडीतले म्हणाले, दिवस जवळ आले. मीही गंगाजलाची बाटली उशाशी आणून ठेवली. आमच्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, नवी गोळी कधी सुरू केली? रक्तात सोडियम निघालं १२२. हवं किमान १३५. म्हातारपणात या गोळ्यांनी सोडियम उतरतं, मग माणूस बरळायला लागतो, त्यात आईची बीपीची गोळी लघवी वाढवणारी. ती त्यांनी लगेच थांबवली. "मनाची गोळी ज्यांनी दिली त्यांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका."

तिथे गाडी अडली. ती गोळी दिलेला दवाखाना पंचेचाळीस किलोमीटरवर. केसपेपरच्या खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली, "पेशंट कुठाय?" म्हटलं, कूस बदलताना ओरडते. "मग अँब्युलन्स करा." रिपोर्ट दाखवला, मोबाइलवर आईचा व्हिडिओ दाखवला. "पेशंटशिवाय पेपर निघत नाही." एक वाजता खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त बाईच्या जागी बुवा. आतले डॉक्टर मला दाराच्या फटीतून दिसत होते, चहा पीत होते! २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत नातेवाइकाने पेशंटच्या वतीने बोलायची सोय आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तर खिडकीवर छापून चिकटवलं असतं.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी थेट आतल्या डॉक्टरांना फोन लावला. चार मिनिटं. ती गोळी बंद, तिच्याऐवजी रात्री मिर्टाझापिन, हीही उदासीवरचीच. त्याने झोप येते, भूकही लागते. पाणी मोजून द्यायचं, आठवड्याने पुन्हा रक्त. म्हणून तुमच्या डॉक्टरांना हा फोन पहिल्याच दिवशी करायला सांगा.

आणि हो, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत ठेवा. आधी दुखण्यासाठी दिलेल्या अमिट्रिप्टिलीनने आईचं तोंड कोरडं पडून लघवी तुंबली होती, ते मी तिथे सांगायलाच विसरलो.

सोडियम १३१ झालं त्या दिवशी तिने कुळथाची पिठी मागितली. चार घास खाल्ले आणि उशाकडे बघून म्हणाली, "ही बाटली कोणी आणून ठेवली?"

मी भांडी उचलून मागल्या दारी गेलो.