९००० आरपीएमचं इंजिन: आधी बोल्ट, मग कॅम

इंजिन जास्त आरपीएमला (मिनिटाला फेरे) फिरवायचं ठरलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची होते. कॅममुळे वरच्या आरपीएमला हवा भरते, एवढंच. त्या वेगाला इंजिन शाबूत राहणार की फुटणार, हे खालचे भाग, म्हणजे क्रँक, रॉड, बोल्ट आणि बेअरिंग ठरवतात.

सुरुवात सरासरी पिस्टन वेगापासून करा. स्ट्रोकची (पिस्टन वरून खाली जेवढा सरकतो त्या अंतराची) दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. होंडा एस२००० च्या दोन लिटर इंजिनाचा स्ट्रोक ८४ मिमी, म्हणजे ९००० ला सेकंदाला २५.२ मीटर. फॉर्म्युला वनच्या २.४ लिटर व्ही८ ला २००९ ते २०१३ मध्ये १८,००० ची मर्यादा होती. पण स्ट्रोक जेमतेम ४० मिमी, त्यामुळे पिस्टनचा वेग सुमारे २४. आरपीएम दुप्पट, वेग मात्र तेवढाच. लांब स्ट्रोकच्या इंजिनाकडून मोठ्या आरपीएमचा हट्ट धरू नये, तो यासाठी.

वेगापेक्षा वाईट असतं ते त्वरण, कारण ते आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ७००० वरून ९००० ला गेलात तर आरपीएम २९ टक्के वाढतो आणि ओढ ६५ टक्के. ८४ मिमी स्ट्रोक, १५३ मिमी रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि पिन-रिंगांसकट ४०० ग्रॅमचा पिस्टन धरला, तर ९००० ला टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना, जवळजवळ दोन टनांची ओढ येते. कॉम्प्रेशनच्या शेवटी वायूचा दाब पिस्टनला खाली रेटतो, म्हणून ही ओढ कमी होते. एक्झॉस्टच्या शेवटी रेटणारं काहीच नसतं आणि सगळा भार रॉड बोल्टवर पडतो. म्हणूनच रॉड पुष्कळदा भर ताकदीत तुटत नाही. उंच आरपीएमला थ्रॉटल सोडला की तुटतो.

तेव्हा पहिला खर्च रॉड बोल्टवर. टॉर्क रेंच बोल्टचा ताण दाखवत नाही, आट्यांमधलं घर्षणही त्याच आकड्यात मिसळतं. स्ट्रेच गेज वापरा. मोकळ्या बोल्टची लांबी नोंदवा, बोल्टसोबत सांगितलेलंच वंगण लावा, आवळा, पुन्हा मोजा. वाढ साधारण ०.१३ ते ०.१५ मिमी असते, पण त्या बोल्टच्या कागदावर जो आकडा असेल तोच शेवटचा. प्रत्येक बोल्टची नोंद ठेवा. पुढे इंजिन उघडल्यावर सैल केलेला बोल्ट मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिमी लांब भरला तर तो टाकून द्या. नवे बोल्ट जास्त ताणाचे असतील तर बिग एंडची, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या भोकाची गोलाई बदलते. आवळून मोजल्याशिवाय आणि लागल्यास होन (बारीक घासून गोल) केल्याशिवाय शेल बेअरिंग बसवू नका.

बेअरिंग क्लिअरन्सचा, म्हणजे ऑइलसाठी सोडलेल्या फटीचा अंदाज सोपा: जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दर २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमी. ४८ मिमी जर्नलला साधारण ०.०५. मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेजने मोजा. प्लास्टिगेज (फटीत चेपून मोजायचा प्लास्टिकचा धागा) फक्त खात्रीपुरतं. ऑइलचा दाब दर १००० आरपीएमला १० पीएसआय, हा जुना नियम आजही पुरतो.

दाब बरोबर दिसला तरी ऑइलमध्ये हवा मिसळलेली असू शकते. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाची फिल्म भार पेलत नाही. सम्पमध्ये (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) ऑइलची हेलकावणी अडवणारे बॅफल आणि क्रँकला ऑइलपासून वेगळा ठेवणारा विंडेज ट्रे घाला, हेडमधून ऑइल परतण्याच्या वाटा मोकळ्या ठेवा. पंपाचे पावडर मेटलचे गिअर उंच आरपीएमला, विशेषतः लिमिटरवर (ठरलेल्या आरपीएमपुढे इंजिनाला रोखणारी सोय) आदळताना, फुटतात. निसानच्या सुरुवातीच्या आरबी२६ इंजिनामध्ये तर क्रँकवरचा पंप फिरवणारा भागच अरुंद होता. आणि वजन वाचवायला क्रँकचा डॅम्पर काढून भरीव ॲल्युमिनियम पुली लावणं हा शुद्ध मूर्खपणा. डॅम्पर क्रँकचं पिळवटणारं कंपन मारतो; तो गेला की आधी पंप जातो, मग क्रँक.

आता व्हॉल्व्ह. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडतो आणि पिस्टन त्याला गाठतो. प्रत्येक स्प्रिंगची बसवलेली उंची मोजून शिमने (पातळ चकतीने) सारखी करा, पूर्ण लिफ्टला वेटोळी चिकटायला किमान दीड मिमी शिल्लक ठेवा. हलकी चाचणी स्प्रिंग आणि डायल गेज लावून ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना) टीडीसीच्या अलीकडे-पलीकडे २० अंशांपर्यंत पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर तपासा: इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्याच मागे वर येत असतो. हेड घासून घेतलं असेल तर हे अंतर घटलेलंच असतं. नुसती कडक स्प्रिंग घालून सुटू नका, कॅम झिजतो. हलका रिटेनर (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी अडकवणारी टोपी) जास्त कामाचा. रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू आणला, तो याच अडचणीपायी.

रिंग गॅप, म्हणजे पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर २५ मिमीला ०.१ मिमी, टर्बो नसेल तर.

क्रँकचं बॅलन्सिंग डॅम्पर, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि क्लच कव्हरसकट करून घ्या. ५० मिमी त्रिज्येवरचा १ ग्रॅम ९००० ला साडेचार किलोचा धक्का देतो, दर फेऱ्याला.

लिमिटर सर्वांत कमजोर भागाच्या मर्यादेपेक्षा ३०० ते ५०० आरपीएम खाली ठेवा. पण चुकून खालचा गिअर पडला तर लिमिटर काही करू शकत नाही. तिथे चाकं इंजिनाला फिरवतात. म्हणून जुनं कास्ट आयर्न फ्लायव्हील चालणार नाही. एसएफआय १.१ (शर्यतीच्या भागांचं सुरक्षा मानक) प्रमाणित स्टीलचं घ्या, शर्यतीच्या गाडीला तुकडे अडवणारं बेलहाउसिंगही (क्लचभोवतीचं आवरण) लावा, आणि डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) फ्लायव्हील ज्या पातळीत फिरतं त्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.