दांडा सोडता येत नाही तेव्हा

शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवणं हे माझं काम. किनाऱ्यालगतचा, उजाडता निघून अंधाराआधी पोचण्याचा टप्पा असला, तर सोबत कुणाला घेत नाही. भीती नाही वाटत का, असं लोक हमखास विचारतात. भीतीचं सोडा, खरी अडचण हातांची असते. सुकाणू, शिडं, नकाशा, दुर्बीण आणि पाण्याची बाटली, एवढ्या सगळ्यांना मिळून हात दोनच.

त्या दिवशीची बोट नऊ मीटरची होती. जायचं होतं चाळीस सागरी मैल, म्हणजे पाच नॉटने आठ तास. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा होता, तो नऊच्या सुमारास पडला आणि इंजिन लावावं लागलं. त्या भागात सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी खारा वारा सुरू झाला. पंधरा नॉट, मागून आणि थोडा समुद्राकडून. बोट सहाने पळायला लागली. अशा वेळी अंगाला वारा जेमतेम नऊ नॉटचा लागतो, कारण आपणही त्याच दिशेने पळत असतो. सगळं कसं सुखाचं वाटतं. आणि नेमका तेव्हाच ऑटोपायलट, म्हणजे रॉडने दांडा ढकलून बोट सरळ ठेवणारं यंत्र, गेला. आत पट्टा घसरल्यासारखा आवाज झाला, रॉड अर्ध्यावर थांबला आणि बोट वाऱ्याकडे वळायला लागली. मी रॉड काढून टाकला आणि सुकाणूचा दांडा धरला.

आता या दांड्यापासून उठता येईना. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्याची ‘स्प्रे’ सुकाणू बांधून ठेवलं तरी सरळ चालायची. पण तिचा कणा, म्हणजे तळाची उभी पाती, लांब होता. हल्लीच्या आखूड कण्याच्या बोटी वळायला चपळ असतात, त्यामुळे मागून वारा असताना दांडा सोडला की काही सेकंदांत भरकटतात. मग बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालचा आडवा वासा, डोक्यावरून सपकन दुसऱ्या बाजूला जायला किती वेळ लागतो!

अशात समोर धुरकटातून एक मालवाहू जहाज दिसलं. एआयएसवर, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा आणि वेग दाखवणाऱ्या यंत्रावर, त्याचा वेग अठरा नॉट होता. माझे सहा धरले तर आम्ही मिनिटाला जवळजवळ पाऊण किलोमीटरने एकमेकांकडे येत होतो. गुडघ्याने दांडा दाबून हातातल्या होकायंत्रावर त्याची दिशा घेतली, थोड्या वेळाने पुन्हा घेतली. आकडा हलेना. दिशा तीच आणि अंतर कमी होतंय, याचा अर्थ धडक. शिडाच्या बोटीला वाट द्यायची जबाबदारी इंजिनवाल्याची, हे नियमात आहे. पण माझी बोट त्यांना दिसली आहे की नाही, हे नियम सांगत नाही. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर जहाजाचं नाव घेऊन हाक मारली. लगेच उत्तर आलं, “दिसताय तुम्ही. आम्ही उजवीकडे वळतो, तुम्ही आहात तशाच या.” माझा आवाज वाटतो तेवढा शांत नव्हता, एवढं मात्र खरं.

ते मागे पडल्यावर मी बोट वाऱ्यात उभी केली. किनारा चार मैलांवर होता, म्हणून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, समुद्राकडे राहील असं बघून वळवली. पुढच्या शिडाचा दोर सोडलाच नाही, त्यामुळे ते उलट्या बाजूने फुगलं; दांडा वाऱ्याच्या उलट बाजूला बांधला. पुढचं शीड नाळ वाऱ्यापासून दूर ढकलतं, मोठं शीड आणि सुकाणू ती वाऱ्याकडे आणतात. त्या भांडणात बोट जागच्या जागी डुलते, तासाला मैलभर सरकली तर सरकली. एकट्याने जाणाऱ्याला एकच युक्ती शिकवायची असेल, तर मी हीच शिकवीन.

दोन्ही हात मोकळे झाले. हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, बोटीला अडकवून मोठं शीड लहान करायला डोलकाठीपाशी गेले. हॅलियर्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, सैल करून शीड थोडं खाली घेतलं, पुढची कडी बूमच्या आकड्यात अडकवली, मागचा रीफचा, म्हणजे शीड आखूड करायचा, दोर खेचला, हॅलियर्ड पुन्हा ताणलं. बंदराच्या तोंडाशी वाऱ्यावर वळायचं होतं. तिथे अंगावरचे नऊ नॉट एकदम एकोणीसच्या आसपास जातात, आणि वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. तिथे शीड कमी करायला बसण्यापेक्षा इथेच केलेलं बरं. मग पाणी प्यायले, नकाशा बघितला, निवांत डबाही संपवला.

पुढचे तीन तास दांडा हातात. खांदा भरून आला, बाकी काही नाही.

धक्क्यावर उतरायला मात्र मी घाई करत नाही. बोटीच्या मध्यावरच्या क्लीटवरून, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीवरून, एक दोर काढून धक्क्यावरच्या मागच्या क्लीटला टाकला, इंजिन हळू पुढे ठेवलं आणि दांडा धक्क्याकडे दाबून बांधला. बोट आपोआप धक्क्याला चिकटून राहिली. पुढचे-मागचे दोर सावकाश बांधले.

मालकाला द्यायच्या कागदावर पहिली ओळ ऑटोपायलटच्या पट्ट्याची लिहिली. त्याने फोनवर विचारलं, “तेवढंच ना? मग उद्या पुढच्या बंदरात नेता येईल?”

“नेते,” म्हटलं, “पण सोबत एक माणूस द्या.”