हार्डटेल आणि नेहमीची वाट: सेटअपची नोंद, टप्पा २

सायकल (बदलांआधी): २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), फोर्क (पुढचं सस्पेन्शन) १२० मिमी, हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) ६७ अंश, रिमची आतली रुंदी ३० मिमी. टायर २.२५ इंच, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) दोन्हीकडे १६० मिमी, पुढे ३२ दाती चेनरिंग, मागे १०–५१ दातांची कॅसेट (गिअरचक्रांचा संच). सामानासकट स्वाराचं वजन ७५ किलो.

वाट: घट्ट मातीवर सुटा मुरूम, अधूनमधून कातळ, आखूड पण उभे चढ. उड्या जवळजवळ नाहीतच.

जुळवणीचं सूत्र पहिल्या टप्प्यात ठरलं, तेच पुढे चालू. ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती दबतं ते अंतर) आणि गिअर सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या भागाला जुळवायचे. वाट किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत मोजायची. तसं पाहिलं तर चढ उताराच्या कितीतरी पट निघतो. टायर आणि ब्रेक मात्र नेहमीच्या वाटेतल्या सर्वांत वाईट तुकड्याला जुळवायचे. क्वचित येणाऱ्या एका उतारासाठी १६० मिमी ट्रॅव्हलची सायकल घेऊन एरवी ती चढावर रेटत बसणं हा आपल्या छंदातला सर्वांत लोकप्रिय तोटा.

टायर (झालं)

या टप्प्यातलं सर्वांत मोठं काम हेच. ३० मिमी रिमवर २.२५ टायर चौकोनी बसतो, कडेचे नॉब (टायरवरचे उंचवटे) वर सरकतात आणि वळणावर झुकल्यावर टेकायला काही उरत नाही. आता पुढे २.४, मऊ रबर, कडेचे नॉब भक्कम; मागे २.३५, बुटके मधले नॉब, टणक रबर, जाड केसिंग (टायरचं कापडी अंग). मुरूम छर्‍यांसारखा घरंगळतो, त्यामुळे नॉबने तो बाजूला सारून खालच्या घट्ट मातीला धरावं लागतं. पण फार उंच, बारीक नॉब कातळावर दुमडतात. म्हणून मध्यम उंची.

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करताना दर टायरला सुमारे १०० मिली सीलंट (छिद्रं बुजवणारा द्रव). व्हॉल्व्हचा कोर काढूनच पहिली हवा मारायची, नाहीतर हवा पुरेशा वेगाने शिरत नाही आणि कडा जागेवर बसत नाही. साबणाचं पाणी लावावं. टायरवरची बारीक रेघ रिमला सगळीकडे समांतर दिसली की बसला. मग चाक फिरवून दोन्ही बाजूंवर थोडा वेळ आडवं ठेवायचं. गरम हवेत सीलंट लवकर सुकतं, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं.

हवा सध्या पुढे २१, मागे २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). एकेक पीएसआय कमी करत जायचं. रिम दगडाला लागली किंवा वळणात टायर मुडपला की २ वाढवायचे. हार्डटेलला मागे शॉक नाही, त्यामुळे रिमचा ठोका आधी मागेच बसतो. मोजायला कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा. १६० पीएसआयपर्यंतच्या पंपाच्या काट्यावर २१ आणि २४ मधला फरक कळत नाही.

फोर्क (झालं, बारकावे चालू)

सॅग (स्वाराच्या वजनाने फोर्क जितका दबतो ते) ट्रॅव्हलच्या २० टक्के, म्हणजे २४ मिमी. पेडलवर उभं राहून, उताराच्या पवित्र्यात मोजायचा. सीटवर बसून घेतलेला आकडा इथे उपयोगाचा नाही. हवा बदलल्यावर फोर्क दहाएक वेळा हलका दाबून घ्यावा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब जुळतो. तोवर मोजलेला सॅग खोटा.

सॅग बरोबर असूनही फोर्क तळाला आपटत असेल तर हवा वाढवू नका, व्हॉल्यूम स्पेसर (फोर्कमधली हवेची जागा कमी करणारा तुकडा) एक वाढवा. हवा वाढवली की बारीक दगडांवर हात बधिर होतात. रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) फार मंद असेल तर लागोपाठच्या दगडांत फोर्क वर यायच्या आतच पुन्हा दबतो. तो कडक वाटतो म्हणून लोक हवा काढतात, आणि तो आणखीच खाली बसतो.

ब्रेक (अर्धं झालं)

पुढे १८० मिमी रोटर आणि २० मिमी वाढीचा अडॅप्टर. आधी फोर्कची कमाल रोटरमर्यादा पाहावी. नवे पॅड मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा, चाक लॉक न करता रुळवायचे, म्हणजे पॅडचा थर रोटरवर सारखा चढतो. मागचा १६० तसाच ठेवला: मुरमावर मागचं चाक तसंही चटकन लॉक होतं, जादा ताकद वाया जाते.

गिअर (झालं)

चेनरिंग ३२ ऐवजी ३० दाती. सर्वांत हलका गिअर (पुढचे दात भागिले मागचे ५१) ०.६३ वरून ०.५९, म्हणजे साधारण ६ टक्के सोपा. रिंगचा ऑफसेट (ती फ्रेमपासून किती आत-बाहेर बसते ते) जुन्याइतकाच हवा. दोन दातांच्या फरकाला सहसा चेन तीच चालते.

फोर्क १४० करायचा का?

नाही. २० मिमीने हेड अँगल साधारण १ अंश लवतो खरा, पण सीट ट्यूबही तितकीच मागे कलते आणि उभ्या चढावर पुढचं चाक भरकटतं. फ्रेमच्या कमाल फोर्क-लांबीचाही प्रश्न आहे.

बाकी

ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करता येणारा सीटचा दांडा): सीट ट्यूबमध्ये आत किती खोल जातो ते मोजून मगच १५० की १२५ मिमी ते ठरेल.

चिखलाचे टायर: २.३ पेक्षा रुंद नकोत, नॉब उंच आणि विरळ, म्हणजे माती फिरता फिरता झडते. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी मोकळी जागा हवी. वाट सुकली की पुन्हा आताचीच जोडी.