पहिली भाषा, साडेदहानंतर

"पहिली भाषा कुठली घेऊ रे?" असं मी फोनवर विचारत होते, तर सासूबाई निवडायची मेथी तशीच टाकून बाहेर आल्या. "पोरीची शाळा बदलतीस काय गे?"

त्यांचंही बरोबर होतं. बेळगावात 'पहिली भाषा' म्हणजे दहावीच्या मार्कलिस्टातली. आमच्या वेळी ती सव्वाशे मार्कांची असायची, आणि ती मराठी घ्यायची की कन्नड यावर घरातले सगळे रात्री उशिरापर्यंत बोलत बसायचे. कॉम्प्युटरलाही भाषा असते आणि ती मला शिकायची आहे, असं सांगितल्यावर त्या निर्धास्त होऊन मेथीकडे परत गेल्या.

दिवसभर मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे हिशोब लिहिते. रात्री साडेदहाला, डबे धुऊन, धाकट्याची हरवलेली वही त्याच्याच दप्तरातून काढून दिल्यावर, अर्धा तास मिळतो. कधी मिळत नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, जावा शिक, नोकऱ्या तिथे आहेत. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काकू, सी घ्या, पाया पक्का होतो." १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेली ही भाषा, तिचा मान मोठा. पण मला पाया घालायचा नव्हता, दुधाचा हिशोब करायचा होता. शिवाय तिच्यात मेमरी आपणच मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच परत करायची. माझ्याकडे शेजारणीची वाटी तीन महिने पडून आहे. जावास्क्रिप्टचं नावही निघालं. १९९५ मध्ये ब्रेंडन आयक यांनी तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, म्हणजे आमच्याकडे गणपती बसून विसर्जन होईपर्यंत! तिच्यात अवतरणचिन्हांत लिहिलेल्या ५ मध्ये ३ मिळवले की ५३ होतात. आमच्या दूधवाल्याला ही भाषा फार आवडली असती.

मला जे विचारायचं होतं, ते यांच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. ही भाषा अर्ध्यावर टाकून उठता येतं का? कुंदा करायला घेतला की दारात कोण का येईना, उलथनं सोडता येत नाही. मटकी भिजत घातली की विसरलात तरी मोड येतात. मला मटकीसारखी भाषा हवी होती.

मुलाला ताप आला म्हणून पाच दिवस लॅपटॉप उघडला नव्हता. सहाव्या दिवशी पायथॉन या भाषेत आधी करून पाहिलेलं माझंच लिखाण वाचलं आणि ते मला कळलं! तिथे निवड झाली. कंसांच्या जंगलाऐवजी तिच्यात ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाच व्याकरणात धरतात. समास सोडला नाही तर वही भिरकावणाऱ्या बाई मला शाळेत होत्या, त्यामुळे हे जड गेलं नाही. गिदो व्हान रोसम यांनी पायथॉन घडवण्याचं काम १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत हाताला चाळा म्हणून सुरू केलं होतं. मला भाषेच्या आधी त्या सुट्टीचाच हेवा वाटला.

आता दूध. सासूबाई कॅलेंडरवर तारखेखाली रोजची मापं मराठी आकड्यांत लिहितात. दूधवाला त्याच्या वहीत कानडी आकड्यांत लिहितो. महिनाअखेरीस दोघांचं कधी जुळत नाही, आणि मध्ये मी. लेकीनं दोन्हीकडचे आकडे जसेच्या तसे टाइप करून दिले. ते सगळे इंग्रजीत बदलावे लागणार म्हणून मी कपाळाला हात लावला होता. पण पायथॉनच्या 'इंट'ला, म्हणजे लिहिलेल्या अंकाची संख्या करणाऱ्या आज्ञेला, अवतरणचिन्हांत मराठी तीन द्या, कानडी तीन द्या, बेरीज गुपचूप सहा येते. मी दोनदा करून पाहिली. यांना झोपेतून उठवून दाखवली. हे "बरं" म्हणाले आणि कूस बदलली.

दोन्ही बेरजा जुळल्या. असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. सकाळी ऐटीत कागद दूधवाल्यापुढे धरला. त्यानं वही उघडली, बोटानं खाली खाली येत थांबला.

"अक्का, एकतीस तारखेचं दूध म्हशीनं फुकट दिलं काय?"

पायथॉनला 'एक ते एकतीस' मोजायला सांगितलं की तो तिसावर थांबतो, शेवटचा आकडा उंबऱ्याबाहेर राहतो. दोन्ही हिशोबांतून तोच दिवस गळाला होता, म्हणून तर ते जुळले होते. रात्री मी ३१ च्या जागी ३२ केले, आणि दुसऱ्या दिवशी पैसे मोजून देताना म्हटलं, "कॉम्प्युटर चुकला."

"कॅलेंडर चुकलं नव्हतं," सासूबाई आतून म्हणाल्या.