खाडा तेवढा नोंदवायचा

रविवार, रात्री

मी बनवत असलेल्या घरखर्चाच्या ॲपमधला दुधाचा भाग आज एकदाचा पुरा झाला, आणि तो आईच्या पद्धतीने झाला याचा मला फार आनंद आहे.

आई दुधाचा हिशोब कॅलेंडरवर ठेवते. रोज एक लिटर येतं, त्याची ती कुठेच नोंद करत नाही. ज्या दिवशी दूध नाही त्या चौकोनात फुली, पाहुणे म्हणून जास्त घेतलं तर '२'. महिनाअखेरीला एकूण दिवसांतून फुल्या वजा करायच्या, जादाचे लिटर मिळवायचे, भावाने गुणायचं. दूधवाल्याशी हिशोब उभ्या-उभ्या मिटतो. कामाच्या मावशींचे खाडेही त्याच चौकोनांत, लाल पेनाने.

खर्चाची बहुतेक ॲप्स रोज सगळं भरायला लावतात. भांडुपहून फोर्टला जाऊन-येऊन, घरी कुकर लावणाऱ्या बाईला ते झेपत नाही. म्हणून दूध, पेपर, डबा, मावशींचा पगार हे मी एकदाच लिहून ठेवलंय. ॲप ते रोज झालंच असं धरतं. बोट लावायचं ते फक्त खाड्याला.

उरतो वरखर्च: वडापाव, रिक्षा, दादरला उतरून घेतलेली भाजी. गाडीत एक हात कडीला असतो, त्यामुळे नोंद एका अंगठ्याने व्हायला हवी. रक्कम, एक चित्र, झालं. नेटची गरज नाही. सगळं फोनमध्येच, एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये राहतं. घरचा हिशोब घराबाहेर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बँकेचे मेसेज वाचून आपोआप नोंद करता आली असती. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि आता कोथिंबिरीच्या जुडीचाही मेसेज येतो. पण पैसे कोणाला गेले एवढंच तो सांगतो, कशाला गेले ते नाही. क्यूआर कोड भाजीवाल्याच्या मुलाच्या नावावर असला की महिनाभराने कोण ओळखणार? ते मी ठरवूनच टाळलं.

रकमा रुपयांत नाही, पैशांत साठवते. साडेबारा रुपये म्हणजे १२५०, पूर्णांक. दशांश अपूर्णांकात कॉम्प्युटर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दाखवतो. हिशोबाच्या वहीत हे चालायचं नाही.

लोकलच्या पासवर मात्र खूप विचार केला. तीन महिन्यांच्या पासचे पैसे एका दिवशी जातात, म्हणून तो दिवस उधळपट्टीचा दिसायला नको. खर्च तीन महिन्यांवर वाटून टाकला. एटीएममधून काढलेली रोख तर खर्चच नाही, पैशांनी फक्त जागा बदलली.

जेवणं झाल्यावर आईला दाखवलं. चष्मा लावून तिने दुधाचा महिना नीट पाहिला, स्वतःच्या फुल्यांशी ताडून घेतला. मग म्हणाली, "अगं, डब्याचा खाडा आदल्या रात्री सांगावा लागतो. सकाळी सांगितलास तर पैसे पडतातच. हे कळतं का ह्याला?"

नाही कळत अजून. खाडा कधी सांगितला ती वेळही साठवावी लागेल, आणि प्रत्येक गोष्टीची मुदत वेगळी. पेपरचा रविवारचा भावही वेगळा असतो, तोही ह्याच जोडीने बसवून टाकते उद्या.